स्वयंपाकघरातला वायरलेस

वायरलेसचा सेट आमच्या स्वयंपाकघरात आला तो काही विचार करून नव्हे, वायर पुरली नाही म्हणून. इस्माईलचाचांनी मागच्या वाडीतल्या दोन उंच माडांच्या मध्ये एरियल ताणली, तिथून जाड काळी वायर खाली सोडली, ती पडवीच्या कौलांवरून ओढत आणली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन वायर संपली. पुढे माजघर होतं, ओटी होती, अण्णांचं पुस्तकांचं कपाट होतं. पण तिथवर जायला हातभर वायर कमी. "बाई, सेट हितंच ठेवायला लागेल," चाचा म्हणाले. आईने कपाळाला आठ्या घातल्या आणि मिठाच्या बरणीशेजारची जागा पुसून दिली. तेव्हापासून आमच्या घरात कांदा परतल्याचा आवाज, नारळ खवल्याचा आवाज आणि त्या डब्यातली अखंड खरखर असे तीन आवाज एकत्र नांदू लागले. आजही कुठे कांदा तेलात पडला की मला वाटतं, आता कुणीतरी हाक मारणार.

ही गोष्ट माझ्या कॉलेजच्या दिवसांतली. आमचं गाव करंजवेळ, आगरदांड्याच्या अलीकडे. पश्चिमेला समुद्र, मग नारळी-पोफळीच्या वाड्या, मग डांबरी रस्ता, त्यापलीकडे भाताची खाचरं आणि पाठीशी डोंगर. अण्णा, म्हणजे माझे वडील, हायस्कुलात गणित शिकवत आणि उरलेल्या वेळात आगी विझवत. हे मी गमतीने लिहीत नाही. आमच्याकडे आग लागली की बंब यायचा तालुक्याच्या गावाहून, आणि तो येईपर्यंत जळायचं ते जळून, विझून, लोक राख सावडायला बसलेले असायचे. एकदा अशीच पेंढ्याची उडवी आणि तिच्यासोबत एक गोठा गेला, तेव्हा अण्णांनी गावातली धडधाकट माणसं गोळा करून अग्निशमन पथक काढलं. बबनचा जुना पिकअप टेम्पो, त्यावर काळी प्लास्टिकची टाकी, वाडीला पाणी लावायचा पंप आणि दरवाजावर लाल रंगात पथकाचं नाव. 'अग्निशमन'मधला 'श' बबननेच रंगवला होता आणि तो इतका ऐसपैस होता की पुढच्या 'मन'ला दरवाजाच्या कडेला अंग चोरून बसावं लागलं. रविवारी सकाळी पुळणीवर सराव चाले. समुद्राचं पाणी खेचून समुद्रातच सोडायचं. सुट्टीला आलेले मुंबईकर फोटो काढत आणि विचारत, हे काय सण आहे का तुमच्याकडे?

इस्माईलचाचा आगरदांड्याला जेटीच्या वरच्या अंगाला राहत. उमर सगळी मालवाहू बोटींवर वायरलेस ऑफिसर म्हणून गेलेली. निवृत्त झाले तरी त्यांचे कान निवृत्त व्हायला तयार नव्हते, म्हणून त्यांनी हॅम रेडिओचं लायसन्स काढलं होतं. हॅम म्हणजे हौसेचा वायरलेस. सरकारची परीक्षा द्यायची, पास झालात की तुमच्या नावाची अक्षरं मिळतात, आणि मग कुठल्या कंपनीचं, कुठल्या टॉवरचं मिंधं न होता तुम्ही बोलू शकता. त्यांच्या शेजारची काथ्याची वखार पेटली तेव्हा आमच्या पथकाने ती विझवली. आभार मानायला ते बोंबलाची टोपली घेऊन आमच्याकडे आले, ओटीवर बसले आणि चहा संपताच अण्णांना म्हणाले, "मास्तर, तुमच्या पथकाला हात हायत, पाय हायत. कान न्हाईत. त्या दिवशी तुमचा पंप एका बाजूला आणि पाइपवाले दुसऱ्या बाजूला, आणि मधी सगळे नुस्ते बोंबलत होते."

अण्णांना टीका आवडत नसे, त्यातून बोंबलाच्या टोपलीसोबत आलेली तर अजिबातच नाही. त्याच वर्षी डोंगराच्या माथ्यावर मोबाईलचा टॉवर उभा राहिला होता आणि ज्याच्या त्याच्या खिशात फोन वाजू लागला होता. अण्णांनी पथकातल्या सगळ्यांचे नंबर पाठ केले होते, पाढ्यासारखे. "चाचा, आता टॉवर आला. तुमच्या त्या टिकटिकीचं काय लोणचं घालायचंय?" असं म्हणून ते हसले. चाचाही हसले. पण पुढच्या शुक्रवारी नमाजानंतर ते वायरचं भेंडोळं आणि जुना सेट घेऊन हजर झाले, आणि 'पोरगी सायन्सला आहे, तिला शिकवतो' एवढंच म्हणून माडाखाली जाऊन उभे राहिले. पोरगी म्हणजे मी.

शिकवणी स्वयंपाकघरात चाले, कारण सेट तिथेच होता. मी पाटावर, चाचा स्टुलावर, आई चुलीपाशी आमच्याकडे पाठ करून. परीक्षेला नको असलेलं मोर्सही चाचा हौसेने शिकवत, म्हणत, "ज्याला मोर्स कळतं त्याला पावसाचंसुद्धा बोलणं कळतं." मला त्यातलं फारसं काही येईना. पण बोलायची शिस्त मात्र त्यांनी हाडात भिनवली. आधी ऐकायचं. मग बटण दाबायचं, दाबल्यावर एक श्वास घ्यायचा, मग बोलायचं. निरोप आला की तो शब्द न शब्द परत म्हणून दाखवायचा, आणि समोरच्याने 'बरोबर' म्हटल्याशिवाय तो मिळाला असं समजायचं नाही. इथे मी सारखी अडखळत असे. निरोप ऐकला की मी त्याचं सार सांगायची. एक दिवस चाचांनी एक लांबलचक निरोप सांगितला, मी त्याचं सार सांगितलं, आणि तव्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या आईने भाकरी उलटता उलटता तो आख्खा निरोप जसाच्या तसा म्हणून दाखवला. आम्ही दोघं तिच्याकडे बघतच राहिलो. तिला त्यात विशेष वाटलं नाही. सुट्टीच्या दिवसांत आमच्याकडे पर्यटक जेवायला असत, दोन पापलेट, एक सुरमई, एक बिरडं, एकाला सोलकढी बिनतिखट, अशा ऑर्डरी ती वर्षानुवर्षं तोंडाने परत म्हणतच घेत आली होती.

फॉर्म भरायच्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "माझाही भर." अण्णा ओटीवर पेपर वाचत होते, त्यांनी पेपर खाली केला, पुन्हा वर केला. लायसन्स देण्याआधी सरकार पोलिसांकडून चौकशी करून घेतं, त्यामुळे एका दुपारी हवालदार मोटरसायकलवर आमच्या दारात उतरले आणि 'सुमन वसंत राऊत कोण?' असं त्यांनी आळीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. अर्ध्या तासात गावभर झालं की राऊत मास्तरांच्या बायकोने काहीतरी केलंय. काय केलंय यावर मात्र एकमत होईना. आईने हवालदारांना तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी आणि फणसाची भाजी वाढली, आणि त्यांनी चौकशीत काय लिहिलं ते देव जाणे, पण जाताना ते म्हणाले, "वहिनी, चांगलं काम हाय. करा." पुढे आम्ही मायलेकी रेवसहून लाँचने मुंबईला जाऊन परीक्षा देऊन आलो. मी काठावर पास झाले. आई माझ्यापेक्षा बऱ्याच मार्कांनी पास झाली आणि त्या आनंदात तिने भाऊच्या धक्क्यावर दोन खमंग वडापाव खाल्ले, एरवी ती बाहेरचं काही तोंडात घालत नसे.

मग रोज दिवेलागणीला चाचा आगरदांड्याहून हाक मारत आणि आई पदराला हात पुसून उत्तर देई. पहिल्याच आठवड्यात तिने त्यांना विचारलं की आज जेटीवर कोळंबी काय भावाने आहे. चाचा कडाडले, "बाई, भाव नाय विचारायचा! हॅमवर धंद्याची गोष्ट चालत नाय, कायदा हाय!" आई शांतपणे म्हणाली, "बरं. कोळंबी आलीय का, एवढं विचारलं तर चालेल?" यावर कायदा काय म्हणतो ते चाचांनाही ठाऊक नसावं, कारण त्या दिवसापासून कोळंबी आली की ते आपणहून सांगत. एकच गोष्ट त्यांना तिच्याकडून करून घेता आली नाही. अण्णांचं नाव. आमच्या पिढीला हसू येईल, पण आईने लग्नातला उखाणा सोडला तर नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. 'हे', 'अर्चूचे वडील', फार तर 'घरातले'. चाचा म्हणत, "वायरलेसवर 'हे' म्हणजे कुणीच नाय. नाव सांगायला लागतं." आई म्हणे, "तुम्हाला कळलं ना कोण ते? मग झालं तर."

अण्णांनी या सगळ्याकडे एका थोर माणसाच्या सहनशीलतेने पाहिलं. चाचांनी बबनच्या टेम्पोत एक छोटा सेट बसवला, त्यालाही ते काही म्हणाले नाहीत. फक्त बॅटरी पंपाची आहे, ती उतरली तर याद राखा, असं बबनला बजावलं. बबनला वाटलं होतं की त्यावर गाणी लागतील. लागत नाहीत म्हटल्यावर त्याने त्याच्यावर चपला ठेवायला सुरुवात केली. पथकातले बाकीचे मला 'काय गो आकाशवाणी' म्हणून हाक मारत. मला राग येई, आईला येत नसे. ती म्हणे, "हसू दे. हसण्याने वायर तुटत नाही."

त्या वर्षीचा शिमगा आला. आमची पालखी दुसऱ्या दिवशी निघायची होती आणि शेजारच्या गावची त्या दिवशी. पुरणपोळी खायला चाचांना बोलावलं होतं. ते येऊन पाटावर बसतात न बसतात तोच खिंडीवर धूर दिसला. डोंगरापलीकडे कुणीतरी राब भाजला होता. भाताची रोपं चांगली यावीत म्हणून शेतकरी जमिनीवर पालापाचोळा, शेण, गवत पसरून पेटवतात, त्याला राब म्हणतात. तो नजरेखाली भाजला तर काही होत नाही, पण त्या दिवशी सगळ्यांची नजर शिमग्याकडे. सकाळचा वारा डोंगराकडून समुद्राकडे वाहतो, त्या वाऱ्यावर आग खिंड ओलांडून आमच्या बाजूला उतरू लागली. डोंगराच्या पायथ्याशी ठाकरवाडी, गवताने शाकारलेली घरं. तिच्याखाली खाचरांतला सुका पेंढा आणि मग आमच्या वाड्या. अण्णा ताटावरून उठले. चाचाही उठले आणि त्यांनी पिशवीतून आपला हातात धरायचा सेट काढून मला दिला. "टेपाडावर जा पोरी. तिथनं दोन्ही अंगं दिसतात. मी टेम्पोत बसतो." आणि आईकडे वळून म्हणाले, "बाई, तुमचं केंद्र हितंच. सेट सोडू नका." वाद घालायला वेळ नव्हता म्हणून अण्णा तसेच टेम्पोकडे धावले.

वणवा विझवायची आमच्याकडची रीत अशी: दुपारी खारा वारा सुटला, म्हणजे समुद्राकडचा वारा डोंगराकडे वाहू लागला, की पायथ्याशी एक पट्टा साफ करायचा आणि त्याच्या वरच्या कडेला आपणच आग लावायची. ती उलटी आग वाऱ्याबरोबर वर चढते, मधलं गवत खाऊन टाकते आणि वरून येणाऱ्या वणव्याला भेटते. दोघांनाही खायला काही उरत नाही. फक्त मधे माणूस असता कामा नये. पथकातल्या दत्तूची टोळी उजवीकडे पट्टा साफ करत होती. पण ठाकरवाडीतली दोन म्हातारी माणसं गुरं घेऊन घळीच्या वरच्या झऱ्यावर गेलेली होती, त्यांना आणायला अण्णा आपली टोळी घेऊन घळीत शिरले. ठरलं असं की सगळे खाली आले की अण्णा बबनला फोन करतील आणि बबन पेटवील. फोन नाही लागला तर? तर अण्णांच्या टोळीतला गुरवाचा सदा ढोल वाजवील. सदाने खरोखरच देवळातला लहान ढोल खांद्याला अडकवला. इतकी शहाणी, पाढे पाठ असलेली माणसं, पण शिमग्याच्या दिवशी खूण म्हणून ढोल ठरवताना एकाच्याही मनात शंका आली नाही. ढोल म्हणजे आमच्या माणसांना श्वासासारखा, तो दुसऱ्या कुणाचाही असू शकतो हे त्यांना सुचतच नाही.

टेपाडावर उघडा कातळ आहे, तिथे आग येत नाही. मी धापा टाकत पोचले तेव्हा खारा वारा नुकता सुटला होता. डावीकडे घळ, समोर खाली ठाकरवाडी, लांब आमच्या माडांचे शेंडे, आणि मागे वरच्या अंगाला टॉवर. माझ्या डोळ्यांदेखत टॉवरच्या जनरेटरची शेड पेटली. काळाकुट्ट धूर निघाला. मी मोबाईल काढून पाहिला, त्यावर एकही रेघ नव्हती. घळीत अण्णांच्या टोळीचे डोक्याला बांधलेले ओले पंचे दिसत होते, पण ते फार सावकाश सरकत होते. म्हातारीला पाठुंगळीला घेतलं होतं, दगडगोट्यांतून गुरं पुढे जाईनात. अजून अर्धी घळ उतरायची होती. उजवीकडे दत्तूची टोळी मात्र पट्टा साफ करून खाली उतरत होती. आणि त्याच वेळी खाली रस्त्यावर ढोल वाजू लागले.

शेजारच्या गावची पालखी. मला गुलाल दिसत होता, छत्री दिसत होती, नाचणारी माणसं दिसत होती. पण बबनचा टेम्पो डोंगराच्या सोंडेआड धुरात उभा होता; तिथून रस्ता दिसत नव्हता, नुसता ढोल ऐकू येणार. मी बटण दाबून चाचांना हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. सोंड मधे होती, आवाज जात नव्हता. मी घाबरून ओरडायला लागले, एकाच दमात सगळं बोलले, आणि मग चाचांचा स्टुलावरचा चेहरा आठवला. बटण. श्वास. मी घरची हाक दिली. शब्द पुरा होतो न होतो तोच आईचा आवाज आला. "ऐकते आहे. बोल."

"उलटी आग लावू नका. खालचा ढोल पालखीचा आहे. खाली उतरली ती दत्तूची टोळी. अण्णांची टोळी घळीतच आहे."

आईने तो निरोप जसाच्या तसा परत म्हटला. 'अण्णांची टोळी घळीतच आहे' हेसुद्धा त्याच आवाजात, दोन सुरमई आणि एक बिरडं म्हणावं तसं. मी 'बरोबर' म्हटलं आणि ती चाचांशी बोलू लागली. चाचा मला ऐकू येत नव्हते. मला ऐकू येत होती फक्त आई, आणि तिच्या दोन वाक्यांमधली खरखर.

"आग लावू नका. तो ढोल पालखीचा आहे." खरखर. "नाही, उतरले नाहीत. बबनने पाहिली ती दत्तूची टोळी." खरखर. पुढे बबनने स्वतःच मला सांगितलं की त्याने चूड, म्हणजे माडाच्या झावळ्यांची मशाल, पेटवली होती आणि एका कडेला लावायला तो वाकलाही होता. "चाचा सांगत व्हते थांब, पण मी म्हटलं माझ्या डोल्यानी बगितलीत मानसं उतरताना, ढोल वाजलाय, वारा सुटलाय, आता थांबलो तर ठाकरवाडी जाईल! कोन ऱ्हायलंय, नाव सांगा म्हटलं!" हे सगळं त्या खरखरीत घडत होतं. मी कातळावर उभी राहून सेट कानाला इतका दाबला होता की दुसऱ्या दिवशी कान सुजला.

मग आई बोलली. आवाज चढलेला नव्हता, पण स्वच्छ होता, एकेक अक्षर सुटं. "वसंत राऊत. माझा नवरा वसंत राऊत घळीत आहे. बबन, चूड विझव."

आजपर्यंत मी पुष्कळ मोठमोठ्या माणसांची भाषणं ऐकली. त्या दोन वाक्यांची सर कशालाच आली नाही. मला रडू फुटलं. डोंगर पेटलेला, बाप घळीत, आणि माझी छाती मात्र अभिमानाने फुटायची बाकी होती. हे जरा विचित्र वाटेल, पण तसंच झालं.

खरखर झाली, आणि आई पुन्हा माझ्याकडे वळली. "विझवली. आता सांग, त्यांना बाहेर यायला कुठली वाट मोकळी आहे?"

घळीचं तोंड धुराने भरत चाललं होतं. पण डाव्या कडेला, काळ्या दगडापाशी, गवत आधीच जळून गेलं होतं आणि तिथून खाली उतार होता. अण्णांना तो दिसणं शक्य नव्हतं. मी सांगितलं, टेम्पो काळ्या दगडाच्या खाली आणा, दगडावर पाणी मारा आणि हॉर्न वाजवत राहा. आईने परत म्हणून दाखवलं. थोड्याच वेळात बबनच्या टेम्पोचा हॉर्न डोंगरात घुमायला लागला. त्या हॉर्नला गावात सगळे शिव्या देत, तो म्हशीसारखा ओरडायचा. घळीतले पंचे थबकले. मग डावीकडे वळले. मी आईला प्रत्येक पाऊल सांगत होते, आई चाचांना सांगत होती, चाचा बबनला, आणि बबन हॉर्नवर हात ठेवून एका हाताने टेम्पो पुढे-मागे घेत होता. आधी गुरं बाहेर आली, मग पाठुंगळीची म्हातारी, मग म्हातारा, मग एकेक करून टोळी, सगळ्यांत शेवटी सदा आणि त्याचा ढोल. अण्णा कुठे आहेत ते मला काही क्षण कळलंच नाही. म्हातारीला पाठीवर घेतलेला माणूस म्हणजेच अण्णा होते.

मग उलटी आग लागली. खाऱ्या वाऱ्यावर ती अशी वर गेली की बघत राहावं. दोन्ही आगी अर्ध्या डोंगरावर भेटल्या, एकदा उसळल्या आणि बसल्या. ठाकरवाडीचं एकही घर गेलं नाही. आमच्या वाड्यांना तर झळसुद्धा लागली नाही. मी टेपाडावर एकटीच नाचले, कुणी बघायला नव्हतं म्हणून बरं.

घरी आले तेव्हा सगळं घर जळक्या पुरणाच्या वासाने भरलं होतं. तव्यावर पोळी टाकलेली असताना माझी हाक आली होती, आणि चाचांनी सेट सोडू नका म्हटलं होतं म्हणून आईने तव्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. पोळीचा कोळसा झाला होता. अण्णा काळ्या तोंडाने पायरीवर बसले होते. चाचांनी त्यांना सगळं सांगितलं होतं. आईने त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. अण्णा पाणी प्यायले, तोंड धुतलं, पुन्हा प्यायले. शेवटी म्हणाले, "मला काहीच ठाऊक नव्हतं. मी फोनच लावत बसलो होतो." आई म्हणाली, "जेवायला चला. पोळ्या नव्याने करते." एवढंच बोलणं झालं. पण त्या संध्याकाळी पोळ्या लाटायला चाचा बसले आणि तूप वाढायला अण्णा, हे आमच्या घरात आधी कधी घडलं नव्हतं आणि चाचांच्या पोळ्यांचे आकार पाहता पुन्हा घडू दिलं गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आमची पालखी निघाली ती आधी आमच्या अंगणात आली. गावाने रात्रीतच ठरवलं होतं की मानाचा नारळ पथकाच्या प्रमुखाला द्यायचा. अंगण भरलं होतं, ठाकरवाडीची माणसंही आली होती, कालची म्हातारी सर्वांत पुढे बसली होती. गुरवाने नारळ पुढे केला. अण्णांनी हात मागे घेतले आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "सुमन, बाहेर ये." आई ओल्या हातांनी आली. गुरव जरा घुटमळला; मानाचा नारळ बाईच्या हातात त्याने कधी दिलेला नव्हता. अण्णा म्हणाले, "काल ती बोलली नसती तर हा नारळ माझ्या तेराव्याला फोडला असता. दे तिला." तेवढ्यात मागून बबन ओरडला, "काकू, नाव घ्या! आता तर येतंय तुमाला!" सगळे हसले. बायका तर पदर तोंडाला लावून हसल्या.

आईने नारळ दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाली, "नाव काल घेतलं. आज काम सांगते." हसू थांबलं. "ढोल देवाचा आहे, तो देवासाठी वाजू दे. पथकाच्या प्रत्येक टोळीत एक सेट पाहिजे, आणि तो वापरायला येणारा एक माणूस पाहिजे. बबन, त्या सेटवरच्या चपला आधी काढ." मग ती अण्णांकडे वळली. साऱ्या गावासमोर, पालखीसमोर, ज्यांना अण्णांनी पाढे चुकल्याबद्दल बाकावर उभं केलं होतं अशा निम्म्या गावासमोर ती म्हणाली, "परीक्षा पावसाळ्याआधी आहे. तुम्ही बसताय."

अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा चाचांकडे. चाचा आभाळात काहीतरी बघत होते.

"बसतो," अण्णा म्हणाले. आणि मग, परत विचारायची वेळ तिच्यावर येऊ नये म्हणून, शब्द न शब्द म्हणून दाखवलं, "परीक्षा पावसाळ्याआधी आहे. मी बसतोय."

"बरोबर," आई म्हणाली, आणि तिने नारळ फोडला.